‘बोर्ड गेलाय’ म्हणत ४९,३०० रुपये उकळले, बिघाड होता डीएनएसचा

सर्व्हर सुरू होताना अडकतो, दुरुस्तीवाला येतो, "बोर्ड गेलाय साहेब" म्हणतो आणि मशीन गाडीत घालून नेतो. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा हिशेब असा: मदरबोर्ड २४,५००, रेड कार्ड (डिस्क एकत्र चालवणारं) १४,०००, दोन डिस्क ८,३००, मजुरी २,५००. एकूण ४९,३००. त्यातले २०,००० आगाऊ रोख, उरलेले यूपीआयने. बिल म्हणून ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद, जीएसटी नंबराचा पत्ता नाही. दोन दिवसांवर जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची तारीख आणि हिशेबाचं टॅली त्याच मशीनवर. अशा वेळी पक्क्या बिलासाठी कोण अडून बसतं?

पैशांपेक्षा जास्त चीड येते ती स्क्रीनवरच्या एका ओळीची. ‘अप्लाइंग कॉम्प्युटर सेटिंग्ज’, शेजारी फिरणारं गोल. ही ओळ दिसली याचा अर्थ बोर्डाची स्वतःची तपासणी पार पडली, रॅम ठीक, रेड कार्डाला डिस्क सापडल्या आणि त्यावरून विंडोज चढलं. बोर्ड आणि रेड कार्ड दोन्ही जळालेलं मशीन इथवर येईलच कसं? नम लॉक दाबला की दिवा लागत-विझत होता. शेजारच्या मशीनवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, की उत्तर येत होतं. हे डोळ्यांसमोर असूनही मान डोलावली! तो दर खेपेला पाचव्या मिनिटाला बटण दाबून मशीन बंद करायचा आणि म्हणायचा, "बघा, हँग." अर्धा तास थांबलो असतो तर लॉगिन आलं असतं.

कारण साधं होतं. आदल्या आठवड्यात ब्रॉडबँड बदललं. जोडणाऱ्या पोराने सर्व्हरचा डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) राउटरचा, म्हणजे १९२.१६८.१.१ करून ठेवला. एकुलता एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, चालू होताना स्वतःचं डोमेन डीएनएसला विचारतो, आणि राउटरला त्यातलं काही माहीत नसतं. मग एकेक सेवा वाट बघत ताटकळते. डीएनएसच्या खान्यात सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता हवा, बाहेरचा पत्ता फॉरवर्डर्समध्ये, म्हणजे स्वतःला माहीत नसलेली नावं पुढे कुणाला विचारायची त्या यादीत. काम पाच मिनिटांचं. दुरुस्तीवाल्याने नेमकं हेच केलं. रोग त्याला पक्का कळला होता.

मशीन परत आल्यावर डीएनएस १९२.१६८.१.१०, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा पत्ता, झालेला दिसला आणि शंका आली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, डीएनएस सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तर प्रत्येक अडकलेल्या सुरुवातीला ४०१३, म्हणजे डीएनएस डोमेनची वाट बघत थांबल्याची नोंद. बोर्डाचा सिरियल नंबर ऑडिटच्या यादीशी ताडला, तोच निघाला. ‘नव्या’ रेड कार्डाच्या लॉगमध्ये २०१८ सालच्या नोंदी. डिस्क मात्र खरंच बदलल्या होत्या: आमच्या १४ महिन्यांच्या काढून घेतल्या आणि ३१,४१२ तास चाललेल्या घातल्या. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ९ नंबरचा आकडा बघा, तिथे चालू राहिल्याचे तास असतात. ३१,४१२ म्हणजे रात्रंदिवस साडेतीन वर्षं.

काढलेला प्रत्येक भाग तिथल्या तिथे ताब्यात घ्या, डिस्क तर घ्याच. मिरर (दोन्ही डिस्कवर एकच डेटा) असेल तर एका डिस्कवरही तुमचा सगळा डेटा असतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "सर्व्हर चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" सिरियल नंबर दाखवले, तर म्हणे हा दिवाणी मामला. फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता ३१८ झालंय, अर्ज घेण्यातली टाळाटाळ मात्र जुनीच. सायबर हेल्पलाइन १९३० वर सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर ऐकवलं, वापर व्यावसायिक, तुम्ही ‘ग्राहक’ नाही. वस्तू केवळ स्वयंरोजगारासाठी असेल तर कायद्यात सूट आहे, पण पगारी माणसं ठेवणाऱ्या पेढीने ते कुठल्या तोंडाने सांगायचं? वकील नोटिशीचे ५,००० मागतो. जीएसटी भरायला एक दिवस उशीर झाला की दंड लावायला सगळी यंत्रणा जागी असते. ४९,३०० गेले तेव्हा एकानेही कागदपत्रं उघडून पाहिली नाहीत.

मशीन हलू देण्याआधी नेटवर्कची केबल काढून चालू करा. लॉगिन लवकर आलं तर बोर्डाच्या नावाने पैसे देऊ नका. यूएसबीची बॅकअप डिस्क लावलेली असेल तर तीही काढा, कंपनीचा लोगो येतो तिथेच अडकवण्यात तिचा हात असू शकतो. त्याआधीच मेमरीच्या ओळीवर थांबत असेल तर रॅमची एकेक पट्टी लावून बघा. मशीनचं घड्याळ मागे गेलं असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल संपून बायोसमधलं (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधलं) रेड सेटिंग उडालं तरी विंडोज चढत नाही, आणि त्यालाही ही मंडळी बोर्डच म्हणतात.

आमच्या दोन डिस्क अजून त्याच्याकडेच आहेत. ‘स्क्रॅपमध्ये गेल्या,’ म्हणतो. त्यांवर सहा वर्षांची गिऱ्हाइकांची खाती आहेत.