रास्पबेरी पायवरचा म्युझिक सर्व्हर, सीडीवाल्यांनी घ्यावा का?
सीडी प्लेयरची लेन्स गेली की हल्ली रिपेअरवाला सापडत नाही, म्हणून रास्पबेरी पाय 4 या छोट्याशा कॉम्प्युटरवर लिरियन म्युझिक सर्व्हर हे डिस्कवरची गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, आधी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणायचे ना तेच. सीड्या फ्लॅक या फाइल प्रकारात रिप केल्या, म्हणजे डिस्कवर उतरवून घेतल्या, आवाज जसाच्या तसा आणि जागा साधारण निम्मी, 1 टीबीत दोनेक हजार सीड्या आरामात. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये गॅप पडत नाही, इथेच पैसे वसूल!! डोकेदुखी टॅगिंगची, म्हणजे प्रत्येक फाइलला गाण्याचं, गायकाचं नाव जोडण्याची. इंग्रजी अल्बमची नावं बहुतेक आपोआप येतात, आपल्या शास्त्रीयला कुठे गायकाच्या रकान्यात राग तर कुठे नुसतं ट्रॅक 1, मग बसा टाइप करत. आणि बॅकअपला दुसरी डिस्क घ्याच, सीड्या लगेच रद्दीत नका देऊ.