रनर कापायच्या आधी वाचा: 'सील्ड ओरिजिनल' सांगून डुप्लिकेट फिगर किट गळ्यात मारणाऱ्याचा अनुभव

ॲनिमे फिगर किट बनवणाऱ्या आणि नव्याने घ्यायला निघालेल्या सगळ्यांनी हे नीट वाचा. लांब झालंय पण सगळं सांगणं गरजेचं आहे, कारण ज्या पद्धतीने मला गंडवलं ती पद्धत अजून जोरात चालू आहे आणि परवाच कळलं की संभाजीनगरच्या एका कॉलेजच्या पोराने त्याच माणसाला ॲडव्हान्स भरलाय.

किट होतं कोतोबुकिया कंपनीचं फ्रेम आर्म्स गर्ल, गोराई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ही जपानी कंपनी आहे, २०१५ मध्ये या सिरीजची सुरुवातच गोराईपासून झाली, गोराईचं डिझाइन शिमादा फुमिकाने यांचं. साधारण १५ सेंटीमीटर उंच मुलगी, अंगावर रणगाड्यासारखं हिरवं चिलखत. पार्ट वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकमध्ये जाळीसारख्या फ्रेमला जोडलेले येतात, त्या फ्रेमला रनर म्हणतात. निपरने, म्हणजे बारीक कटरने, कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, एकात एक बसवायचे, गोंद लागत नाही. डोळे छापलेले चेहरे किटमध्येच मिळतात. रंगवलं नाही तरी चालतं, पण रंगवलं की त्यात जीव येतो, आणि मला रंगवायचंच होतं.

आता स्वस्त दिसलं की माणूस का थांबतो, तर भारतात हा छंद महाग आहे म्हणून. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. म्हणजे जपानहून मागवलेला खोका कस्टमने खेळणं म्हणून धरला की किटच्या किमतीवर ड्युटी, टॅक्स, कुरिअर सगळं चढतं आणि खोका अडकला तर वेगळाच ताप. त्यामुळे 'भारतात स्टॉक आहे, ड्युटी भरलेली आहे, दोन दिवसांत घरपोच' असं कुणी म्हटलं की लोक तुटून पडतात. हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत आहे.

इन्स्टावरचं एक पेज, नाव लिहीत नाही कारण ते नाव त्याने तेव्हापासून बदललंय. त्याने टाकलं की एका कस्टमरने प्री-ऑर्डर कॅन्सल केली म्हणून गोराईचा एक सील्ड पीस आहे, ५८०० रुपये. बाकी ठिकाणी आठ-साडेआठच्या खाली मिळत नव्हतं. म्हणजे फरक मोठा पण अगदी अशक्य वाटावा इतका नाही, आणि हीच त्याची हुशारी आहे, दोन हजाराला टाकलं असतं तर कुणीच विश्वास ठेवला नसता. मी फोटो मागितले, दिले. व्हिडिओ मागितला, म्हटलं आजची तारीख कागदावर लिहून खोक्याशेजारी ठेवा, तर त्याने तेही केलं! खोका अस्सल, कोपऱ्यावर जपानी दुकानाचा किमतीचा स्टिकर. बिल मागितलं तर जपानी पावतीचा फोटो आला, तारखेवर नेमका अंगठा. विचारलं तर म्हणे 'दादा, पर्सनल डिटेल्स असतात त्यात'. पैसे यूपीआयने, खात्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं, 'भावाचं अकाउंट आहे' म्हणे. अर्धे आधी, अर्धे पाठवायच्या दिवशी. त्याच्याकडे एक ओरिजिनल पीस खरोखर आहे, तो विकायला नाही, दाखवायला आहे. तारखेच्या चिठ्ठीसह व्हिडिओ प्रत्येकाला त्याच खोक्याचा जातो, हे नंतर इतर लोकांचे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिल्यावर उघड झालं, सगळ्यात स्टिकरचा उजवा कोपरा तसाच सुटलेला.

पार्सल आलं. पेज म्हणायचं स्टॉक मुंबईत, पण लेबलवर पत्ता अर्धवट आणि पिनकोड दुसऱ्या राज्याचा. खोक्यावर स्टिकर नाही. छपाई एकट्याने बघितली तर ठीक वाटावी अशी, पण जपानी बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चखाली धरली की कडा फुगलेल्या, म्हणजे खोकाच स्कॅन करून छापलेला. लगेच मेसेज केला की स्टिकर कुठे गेला. उत्तर, 'काढून पाठवतो सर, गिफ्टसाठी लोक घेतात ना'. याला काय बोलणार.

आता मुख्य गोष्ट. त्याने ऑर्डर घेताना एक अट घातली होती, अनबॉक्सिंग व्हिडिओ असेल तरच क्लेम, तोही फक्त पार्ट मिसिंग असेल तर, आणि आतली पिशवी फोडली की रिटर्न बंद. ऐकायला ही अट रास्त वाटते, बरेच प्रामाणिक दुकानदारही अशाच धर्तीची अट घालतात. पण किट खरं की खोटं हे खात्रीने कळतं ते पिशवीतून रनर बाहेर काढल्यावर, आणि पूर्ण कळतं ते पार्ट कापून जोडल्यावर. म्हणजे पुरावा हातात आला की क्लेम संपला. त्याची सगळी फसवणूक या एका अटीवर उभी आहे.

म्हणून पिशवी न फोडता काय बघायचं ते सांगतो. प्रत्येक रनरला एक छोटी पट्टी असते, तिला टॅग म्हणतात, त्यावर पार्टचं अक्षर असतं, पीएस किंवा एबीएस असा प्लास्टिकचा प्रकार असतो, आणि ओरिजिनल किटमध्ये कंपनीचं नाव किंवा कॉपीराइटची खूण उठवलेली असते. पिशवी पारदर्शक असते, टॉर्च तिरका धरला की बाहेरूनही वाचता येतं. माझ्या किटमध्ये अक्षरं होती, प्लास्टिकचा प्रकार होता, पण नाव असायला हवं तिथे एक गुळगुळीत चौकोन, आजूबाजूचं प्लास्टिक मॅट आणि तेवढाच भाग चकचकीत. साच्यातूनच नाव खरवडून काढलेलं. हे दिसलं की व्हिडिओ चालू ठेवूनच थांबा, पिशवीला हात लावू नका, क्लेम टाका. कुणी म्हणेल बॅच वेगळी असेल, तर नाही, बॅच बदलली म्हणून कुठलीच कंपनी स्वतःचं नाव साच्यातून पुसत नाही.

दुसरी खूण चेहऱ्यांची. ओरिजिनलमध्ये डोळ्यांची छपाई इतकी नेटकी असते की भिंगाखाली पण रेघ हलत नाही. माझ्याकडे आलेल्या एका चेहऱ्यावर डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका बाहुलीतून निघून पापणीच्या काळ्या रेघेवर बसलेला, आणि बाहुलीचा रंग रेघेच्या बाहेर सांडलेला. त्वचेच्या रंगाचे पार्ट खडूसारखे गुलाबी, ओरिजिनलला प्रकाशात किंचित आरपार दिसणारी झाक असते ती अजिबात नाही.

ठाण्याचा एक मित्र याच सिरीजची किट बऱ्याच वर्षांपासून बनवतोय, त्याच्याकडे घेऊन गेलो. कोतोबुकियाच्या बहुतेक किटना ३ मिलिमीटरच्या खुंट्या आणि भोकं असतात, त्यांचीच एमएसजी नावाची हत्यारांची ॲक्सेसरी त्यात थेट बसते. मित्राकडची ओरिजिनल बंदूक त्याच्या फिगरच्या भोकात टच्च बसली, माझ्या फिगरच्या भोकात घातली तर स्वतःच्या वजनानेच गळून पडली. दुसऱ्या बाजूचं भोक उलट इतकं घट्ट की खुंटी जाईना. ओरिजिनल पार्टवरून साचा काढला की माप किंचित हलतं आणि किंचित हललं तरी या किटचा सगळा खेळ बिघडतो कारण इथे गोंद नाही, फिटिंगवरच सगळं उभं आहे. गुडघे सैल, फिगर उभी राहीना. मांडीतली खुंटी जोडताना पांढरी पडली आणि आतच तुटली.

तरीही मी रंगवून बघितलं, कारण विकणाऱ्याचं म्हणणं होतं की 'प्लास्टिक तेच आहे सर, रंग दिला की फरक कळणार नाही'. पार्ट भांड्याच्या साबणाने धुतले, ब्रशने घासले, पूर्ण वाळवले. शेजारी माझ्याकडचं एक ओरिजिनल हत्यार तसंच धुवून ठेवलं. एकाच डब्यातला राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, एकाच दुपारी, एकाच अंतरावरून दोन्हींवर मारला. ओरिजिनलवर पातळ सलग थर बसला. डुप्लिकेटवर प्रायमर जागोजागी आकसला, गोल गोल उघडे ठिपके राहिले, म्हणजे साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल त्या प्लास्टिकवर साबणानंतरही शिल्लक होतं. अल्कोहोलने पुसून परत मारला तेव्हा वरवर बसला, चिलखतावर ऑलिव्ह हिरव्याचे पातळ हात दिले, बरं दिसायला लागलं, आणि दुसऱ्या रंगासाठी लावलेली मास्किंग टेप काढली तर दुधावरची साय निघावी तसा रंग प्रायमरसकट टेपबरोबर आला, खाली नागडं प्लास्टिक.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, पॅनल लाइनला, म्हणजे पार्टवरच्या बारीक खाचांना, एनॅमल लायनर हा पातळ रंग लावल्यावर कमरेच्या जॉइंटला तडा गेला, पण तो पुरावा म्हणून मी कुठेच धरला नाही, कारण एनॅमलचा थिनर जोडाच्या फटीत साचला तर ओरिजिनल एबीएसलाही तडे जातात. तक्रार करताना अशी कच्ची गोष्ट घुसडू नका, समोरचा तेवढीच धरून बाकी सगळं खोटं ठरवतो. आणि डुप्लिकेट घासताना मास्क लावा, तसा तर नेहमीच लावावा, पण हे प्लास्टिक नेमकं काय आहे कुणाला माहीत, पॉलिश पेपरने घासताना उग्र वास येत होता.

सगळे फोटो त्याला पाठवले. आधी 'ओरिजिनलच आहे'. मग 'दुसऱ्या फॅक्टरीची बॅच आहे'. मग 'थर्ड पार्टी व्हर्जन आहे, क्वालिटी सेम'. थर्ड पार्टीचं नाव घेऊन हे लोक फार गोंधळ घालतात म्हणून सांगतो, चीनमधल्या बऱ्याच कंपन्या स्वतःच्या डिझाइनची अशी मेका गर्ल, म्हणजे यंत्र-चिलखत घातलेल्या मुलींची, किट स्वतःच्या नावाने काढतात, ती डुप्लिकेट नाहीत आणि काही तर फार सुंदर आहेत, ती जरूर घ्या. दुसऱ्याचं डिझाइन चोरून त्याच्याच खोक्यात घालून विकणं हा वेगळा धंदा आहे, आणि खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. हे लिहिल्यावर सूर बदलला, 'दादा ५०० परत करतो, कमेंट डिलीट करा'. मी नाही म्हटलं. म्हणे 'तुम्ही प्रायमर मारलाय, आता काहीच होणार नाही', आणि ब्लॉक.

माझी कमेंट पेजवरून तासाभरात उडाली पण तेवढ्यात तिघांनी मला मेसेज केले होते, नंतर अजून आले. सगळ्यांची गोष्ट सारखी, सील्ड पीस, कॅन्सल झालेली ऑर्डर, भावाचं अकाउंट. त्यात शाळकरी पोरं आहेत, वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून पहिलं किट घेतलेली. एकाने तर पार्ट तुटल्यावर आपल्यालाच जमत नाही असं समजून छंदच सोडला होता! पाच-सहा हजार रुपये गेले त्यापेक्षा मला याचा जास्त राग आहे. ज्या पोराने पहिल्यांदा निपर हातात धरला त्याला तुटक्या खुंट्या आणि सुटणारा रंग देऊन वर 'तुम्हीच नीट जोडलं नाही' असं सुनावायचं, हा नीचपणा आहे.

तक्रारीचं सांगतो. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर टाका, जितकं लवकर तितकं बरं, कारण पैसे बँक खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. माल हातात पडल्यावर फसवणूक कळली, माझ्यासारखी, तर तोवर खातं रिकामं झालेलं असतं, तरी तक्रार टाका, नंबर मिळतो. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. चॅट ब्लॉक व्हायच्या आधीच एक्सपोर्ट करून ठेवा, पेमेंटचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), पार्सलचं लेबल, रनरच्या टॅगचा जवळून घेतलेला फोटो, तुटलेले पार्टसुद्धा पिशवीत घालून ठेवा. माझे पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे.

घरच्यांनी किंवा बाहेर कुणी 'एवढ्याशा बाहुलीसाठी तक्रार?' असं म्हटलं तरी मागे हटू नका, ५८०० रुपये हे ५८०० रुपयेच असतात.

संभाजीनगरच्या त्या पोराला मी गाठलंय. उरलेले अर्धे पैसे भरू नकोस असं सांगितलंय, आणि पार्सल आलंच तर लेबलपासून टॅगपर्यंत एकसलग व्हिडिओ काढायचा, पिशवी बंद ठेवायची. सील्ड पीस आणि भावाचं अकाउंट ही गोष्ट तुमच्याही बाबतीत घडली असेल तर आपापल्या नावाने तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक मला पाठवा. आम्ही सगळ्यांचे क्रमांक आणि तो एकच स्टिकरवाला व्हिडिओ एकत्र करून सायबर पोलिसांकडे देतोय, जितके जास्त क्रमांक तितकं त्याला 'एका कस्टमरचा गैरसमज' म्हणून सुटणं अवघड जाईल.