अ‍ॅल्युमिनियम की स्टील: खाडीतल्या होडीला कोणता पंखा घ्यावा?

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथले वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या हंगामात जिथून होडी बिनघोर जायची, तिथे यंदा ओहोटीला गुडघाभरच पाणी असू शकतं. अशा ठिकाणी होडीच्या मागच्या फळीला बाहेरून बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाला नवा पंखा (प्रोपेलर) घ्यायचा झाला की पहिला प्रश्न येतो, अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ की स्टीलचा? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी पिच ठरवा.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समजा १३ × १५. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा पाण्यात शिरला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. पिच जास्त असेल तर हलकी होडी पळते, पण भरलेल्या होडीत इंजिन धापा टाकतं, वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं. म्हणून चाचणी रिकाम्या होडीवर घेऊ नका. रोजची माणसं, जाळी, पेट्रोल सगळं भरा, शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर बघा. पुस्तिकेत मिनिटाला ५००० ते ६००० फेरे लिहिलेत आणि तुम्हाला ४६०० मिळतात, तर पिच जास्त आहे. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, म्हणजे इथे दोन-तीन इंच उतरावं लागेल. फेरे मर्यादेच्या वर जात असतील तर उलट करा.

आता धातू. स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, त्यामुळे पाणी घट्ट धरतात, वेग थोडा जास्त मिळतो आणि वाळूने धार लवकर झिजत नाही. पण स्टीलचा पंखा कित्येक पटींनी महाग, आणि खडपावर आपटला तर पातं दाद देत नाही; धक्का वर शाफ्टला आणि गिअरला जाऊ शकतो. पंख्याच्या मधलं रबरी बुश घसरून बराचसा धक्का झेलतं, सगळा नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातं मात्र स्वतः मुडपतं. माझं एकदा तसंच झालं: एक पातं दुमडलं, होडी थरथरत होती, पण हळूहळू धक्क्यापर्यंत आलो आणि गिअर शाबूत निघाला. नवा पंखा घेणं गिअरबॉक्सपेक्षा केव्हाही परवडतं.

म्हणून खाडीत किंवा मालवण धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला अशा खडपाळ, जवळच्या फेऱ्यांना मी अ‍ॅल्युमिनियमच घेईन, आणि एक जादा पंखा नट-पिनसकट होडीत ठेवीन. रोज खोल पाण्यात लांब जाणाऱ्याने स्टीलचा विचार जरूर करावा. मग इंजिनावरच्या झिंकच्या तुकड्यांकडे लक्ष हवं. ते झिजले की खारं पाणी इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. त्या तुकड्यांना रंग कधीही लावू नका.

तीन पाती की चार? जड होडीला चार पात्यांनी पकड चांगली मिळते, वेग थोडा जातो.

पंखा कोणताही असो, होडी सोडण्यापूर्वी इंजिन मागच्या फळीला घट्ट बसलंय का ते हाताने हलवून बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत हवी. फार वर असली की पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा, गिअर न्यूट्रलला ठेवा, किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला बांधा. ही दोरी मी कोणालाही सोडू देत नाही. चालक पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं, तर होडी वळून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार लगेच यायला हवी. नाही आली तर ताबडतोब बंद करा. आत थंड पाणी चढवणारा पंप रबरी पात्यांचा असतो, कोरडा फिरला तर क्षणात जळतो. म्हणूनच अंगणात पाण्याशिवाय इंजिन ‘जरा चालवून’ बघायचं नाही.

महिन्यातून एकदा नट काढून पंखा उतरवा. शाफ्टला नायलॉनची गरी-दोरी किंवा जाळ्याचा धागा गुंडाळलेला सापडतो. तो शाफ्टभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं सील कापतो आणि पाणी गिअरच्या तेलात शिरतं. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर सील बदलेपर्यंत होडी किनाऱ्यावरच राहू द्या.