हायड्रोमार्कर: चराची आखणी करणाऱ्यांसाठी

सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात माळावरचा मुरूम आणि पाणी दोन्ही वाहून जाऊ द्यायचं नसेल, तर सलग समतल चराला, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवरून खणलेल्या चराला, पर्याय नाही. पण चर खरोखर समतल हवा. त्यासाठी गावकऱ्यांच्या हाती देण्याजोगं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे हायड्रोमार्कर: सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पारदर्शक नळी.

नळी भरताना बादली उंचावर ठेवून पाणी ओढून घ्यावं. वरून ओतलं की बुडबुडे अडकतात आणि माप चुकतं. चिमूटभर नीळ टाकली तर पातळी उन्हातही स्पष्ट दिसते. रोज सुरुवातीला दोन्ही पट्ट्या शेजारी, एकाच सपाट दगडावर उभ्या करून पातळी जुळते का ते बघा. चालताना दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबा, वाचताना मात्र दोन्ही उघडी हवीत. बहुतेक चुका इथेच होतात. थोडं पाणी सांडलं तरी बिघडत नाही, कारण पातळी दोन्हीकडे सारखीच उतरते. पट्टी तिरकी धरू नका. दोन्ही पट्ट्यांवर पाणी सारख्याच खुणेवर आलं, म्हणजे जागा जुळली, की लगेच चुन्याची फक्की टाका.

ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, मध्ये ओळंबा लटकवलेली चौकट) स्वस्त आणि एकट्याला चालते, पण लहान टप्प्यांमुळे चूक साठत जाते आणि वाऱ्यात ओळंबा हलतो. लांब उतारावर हायड्रोमार्करच घ्या. उणीव एकच: उन्हाने नळी कडक होऊन दुमडते, म्हणून सावलीत ठेवा.

चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. माती उताराच्या बाजूला. काम माथ्यापासूनच सुरू करा.