पहिली एअर रायफल: ओपन साइट, पीप साइट की लेझर?

रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक हल्ली हमखास विचारतात, "रायफलला लेझर बसवून घेऊ का? नेम लवकर जमेल." स्पर्धेपुरतं उत्तर सरळ आहे: 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत लेझर चालत नाही, दुर्बीणही चालत नाही. सरावालासुद्धा मी तो सुचवत नाही. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. स्वस्त लेझरचा लाल डाग 10 मीटरवर काही मिलिमीटरचा होतो, त्याखाली तो ठिपका पुरता झाकला जातो. शिवाय श्वास घेतला तरी डाग नाचतो आणि मूल त्याच्या मागे धावत ट्रिगर झटक्यात खेचतं.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवतानाही तो छळतो. लेझर नळीपासून काही सेंटिमीटर खाली किंवा बाजूला बसतो. किरण सरळ जातो, छर्रा मात्र सेकंदाला 170 मीटर वेगानेही 10 मीटरवर पोहोचेपर्यंत साधारण 1.7 सेंटिमीटर खाली येतो. त्यामुळे दोघांची गाठ एका ठराविक अंतरालाच पक्की बसते. अंतर बदललं की स्क्रू पुन्हा फिरवा.

खरी निवड उरते ती ओपन आणि पीप या नेम धरायच्या दोन साइटमध्ये.

ओपन साइट स्वस्त, दणकट. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत तिचा वेगळा गट असतो, म्हणजे सुरुवातीलाच खेळायला मिळतं. त्रास डोळ्याला होतो: मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पुढची साइट स्पष्ट ठेवून टार्गेट धूसर राहू द्यायला शिकावं लागतं. हे शिक्षण मला मोलाचं वाटतं.

पीप साइटमध्ये बारीक छिद्रातून पाहायचं. छिद्राचा मध्य डोळा आपोआप शोधतो, आणि छिद्र लहान असल्यामुळे पुढच्या साइटची रिंग नि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. टार्गेटचा 30.5 मिलिमीटरचा काळा गोल रिंगमध्ये बसवायचा, भोवती पांढरी कड सगळीकडे सारखी. ती कड एका बाजूला केसभर जाड झाली तरी कळते. 2022 मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अशाच साइटने खेळतो.

झिरो करायला पाच छर्रे मारा, मग ग्रुपचा, म्हणजे त्या पाच छिद्रांच्या पुंजक्याचा, मध्य बघा. एका छर्‍यावरून नॉब फिरवू नका. छर्रे डावीकडे लागत असतील तर मागची साइट उजवीकडे न्यायची, खाली लागत असतील तर वर. एक गोम आहे: काही जर्मन साइटच्या नॉबवरची अक्षरं छर्रा कुठे लागला ते सांगतात. 'एच' म्हणजे वर लागलाय. त्या दिशेने फिरवलं की छर्रा खाली येतो. नवखे इथे हटकून उलटं फिरवतात आणि ग्रुप टार्गेटबाहेर जातो.

पहिले चार-सहा महिने क्लबच्या ओपन साइटवर काढा, मुलाची ओढ टिकली तर पीप घ्या. स्वतःची रायफल मात्र आधीच घेणार असाल, तर मागच्या बाजूला 11 मिलिमीटरची खोबण आहे का ते दुकानातच हात लावून बघा. ती नसेल तर पुढे पीप साइट बसवायची पंचाईत होईल.