स्लो लोकल, आठ महिने वापरून

आधीच सांगते, हे कुठल्या हेडफोनचं किंवा सॅकचं परीक्षण नाही. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्या दोन्ही वस्तू मी घेऊन झाल्यात, सध्या माळ्यावर आहेत. मी आठ महिने वापरली ती डोंबिवलीहून सुटणारी सीएसएमटी स्लो. एक रुपया जास्त पडला नाही, कारण स्लोचा आणि फास्टचा पास एकच. म्हणजे इतकी वर्षं ही सोय माझ्या पर्समध्येच होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. डोंबिवलीकर बाई सीएसएमटीपर्यंत स्लोने जाते म्हटलं की लोक विचारतात, बरं वाटत नाही का?

ऑफिस फोर्टात, काम अकाउंट्सचं. अंतर 48 किलोमीटर. फास्टला तास-सव्वा तास, स्लोला जवळजवळ दीड. कोपरपासून मशीदपर्यंत मधली स्टेशनं मोजून 22, आणि ही बया एकही सोडत नाही. फरक वीसेक मिनिटांचा. सतरा वर्षं मी ती वीस मिनिटं वाचवत आले. वाचवून त्यांचं काय केलं, ते कुणी विचारू नये.

निमित्त झालं 9 जून 2025 चं. त्या सोमवारी सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जीवानिशी गेली. मीही रोज दारातच असायचे. हौस नव्हती, आत सरकायला जागाच नसायची. त्या रात्री घरी कुणी काही बोललं नाही. फक्त सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "उद्यापासून बसून जात जा." मला हसूच आलं, जसं काही बसणं माझ्या हातात आहे! मग अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आहे की.

आता सीटबद्दल. डोंबिवलीहून सुटते म्हणजे रिकामी मिळेल, हा पहिला गैरसमज. गाडी फलाटाला लागते तीच निम्मी भरलेली. कोपरच्या, दिव्याच्या बायका डाऊनला, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या गाडीत, चढून उलट्या डोंबिवलीला येतात आणि बसूनच राहतात. पहिल्या आठवड्यात मी या 'रिटर्न'वाल्यांशी कचाकचा भांडले. डोंबिवलीची गाडी, पहिला हक्क आमचा, वगैरे. त्यांच्यातली एक कोपरची बाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. एकदा मीच काही कामाने दिव्याला गेले आणि तिथून सकाळी अपची, म्हणजे मुंबईकडे जाणारी गाडी पकडायची वेळ आली. तीन गाड्या गेल्या, पायरीवर पाऊल ठेवता आलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून माझं भांडण मिटलं. आता तीच बाई शेजारच्या जागेवर पर्स ठेवून येते, माझ्यासाठी. हे बरोबर नाही. मागे उभ्या असलेल्या मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मला चांगली ओळखीची आहे, जूनमध्ये माझीच होती.

(गाडीची वेळ मुद्दाम लिहीत नाही. उद्या अजून चार जणी वाढल्या तर पर्सही कामाला यायची नाही.)

बसायला मिळालेल्या या दीड तासाची पहिल्या महिन्यात मी माती केली. फोन काढून ऑफिसच्या मेल बघायला लागले. वाटलं, केवढा वेळ सत्कारणी लागतोय. झालं असं, की साडेनऊला सुरू होणारं ऑफिस सव्वाआठला कळव्यालाच सुरू व्हायला लागलं. मी गाडीतून उत्तरं देते हे साहेबांच्या लक्षात आलं, मग आठ वाजता शीट यायला लागल्या, "जरा बघून ठेवा" म्हणून. शेवटी सांगून टाकलं, मुंब्र्याला नेटवर्क जातं. जात नाही. पण त्या एका थापेने जेवढं मिळवून दिलं, तेवढं तीन वर्षांच्या अप्रेझलमध्ये मिळालं नव्हतं.

आता ठाण्यापर्यंत झोप. खरी झोप, मान शेजारणीच्या खांद्यावर जाते तसली. ठाण्याला डब्यात बायकांचा लोंढा शिरतो, त्या धक्क्याने जाग येते. मुलुंडपासून वाचनालयाचं पुस्तक उघडते. भांडुप, कांजूर, विक्रोळी, एका स्टेशनाला साधारण दोन पानं. शीवला कुणीतरी "पुढे दादरला उतरणार का?" विचारतं, मी मान हलवते, ती पुढचीला विचारायला जाते. ऑफिसात पोचते तेव्हा ओढणीची घडी मोडलेली नसते. ऐकायला क्षुल्लक आहे. फास्टने जायचे तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसती उभी राहायचे, मगच खुर्चीत बसायचे. ती दहा मिनिटं वीसातून वजा करा.

झोपेचा एकदा दणका बसला. ऑक्टोबरमधली गोष्ट, नवरात्रात जागरणं झाली होती. जाग आली तर डबा रिकामा आणि समोर कॉलेजची एक मुलगी. तिने विचारलं, "काकी, कुठे उतरणार?" म्हटलं, सीएसएमटी. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ते मागे गेलं." गाडी सीएसएमटीला रिकामी होऊन पुन्हा डाऊनला निघालेली होती आणि भायखळा येत होतं. भायखळ्याला उतरले, जिना चढून पलीकडे गेले आणि उभ्याने परत. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा लागली, कारण विचारल्यावर "गाडी लेट" असं लिहिलं. गाडी अगदी वेळेवर होती.

इथवर वाचून स्लोच्या प्रेमात पडला असाल तर आता संध्याकाळचं ऐका. सकाळी जमलं म्हणून ऑगस्टपासून परतीलाही स्लोच धरली. सीएसएमटीला एक गाडी सोडून दुसरीत शिरलं की खिडकी मिळते. घाटकोपर ते ठाणे पाव किलो गवार मोडून होते, मेथी असेल तर कळव्यापर्यंत. घरी जाऊन नुसती फोडणी टाकायची. हिशेब पक्का वाटत होता. पण सातऐवजी साडेसात, आणि पुढे एखादी मेल-एक्स्प्रेस काढली की पावणेआठ. मुलगा आठवीत आहे. आधी मी चपला काढायच्या आत तो वही घेऊन उभा असायचा. ऑक्टोबरअखेरीस बघते तर त्याची स्कूल डायरी फ्रीजवर, उघडी, मध्ये पेन ठेवलेलं. सही करायची जागा त्याने पेन्सिलीने फुलीने दाखवून ठेवली होती आणि तो आजीजवळ जेवायला बसला होता. तक्रार अशी काही नव्हती त्याची, सोय लावून घेतली होती त्याने. मी सही केली आणि दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी पुन्हा फास्ट. उभी राहून, घामाघूम, पण सातला घरात. गवार आता सासूबाई मोडतात, आणि "तू मोडायचीस त्यात दोरे राहायचे" हेही सांगतात.

तेव्हा सकाळला पाचपैकी चार, संध्याकाळला दोन. सकाळचा एक गुण कापला तो उठण्याच्या वेळेचा. सहाला वाजणारा गजर साडेपाचला लावावा लागतो आणि हिवाळ्यात ते अगदी जिवावर येतं. ज्यांची मुलं अजून लहान आहेत, डबे दोन-तीन आहेत, त्यांनी आधी हा अर्धा तास कुठून काढणार ते बघावं. लोकलमध्ये बाथरूम नाही आणि दीड तास हा दीड तास असतो, त्यामुळे घरून निघताना चहा अर्धाच. चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावरची टेकण्यापुरती कड, मिळाली तर तिला सीट समजू नये, ती कंबरेची शिक्षा आहे. त्यापेक्षा उभं राहणं बरं. पावसात काही फरक नाही. 19 ऑगस्टला रुळांवर पाणी भरलं तेव्हा स्लो काय नि फास्ट काय, मेन लाइनच बसली होती.

एक मैत्रीण विचारत होती, खिडकी कुठल्या बाजूची धरू. सकाळी ऊन बहुतेक मागून, डावीकडून येतं, ठाण्यानंतर गाडी दक्षिणेला वळते आणि ते पुरतं डावीकडे जातं. उजवीकडे खाडी, डावीकडे मुंब्रादेवीचा डोंगर. मी उजवी धरते. खाडीही त्याच बाजूला आणि सावलीही. शेजारी कोपरची बाई असते. देऊळ दिसलं की ती मला कोपराने ढोसते, मी झोपेतच हात जोडते.