स्टोरीवीव्हरवरची आदिवासी भाषांतली पुस्तकं: उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी किती कामाची?

कोरकू आदिवासी घरातल्या चार वर्षांच्या मुलासमोर मराठी तक्ता धरला आणि ते गप्प राहिलं, तर त्या गप्प राहण्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याला बोलण्याची अडचण आहे की नुसती मराठी येत नाही, हे कळायला त्याच्या घरच्या भाषेतलं साहित्य लागतं. स्पीच थेरपीसाठी विकत मिळणारे तक्ते आणि फ्लॅशकार्ड बहुतेक इंग्रजी, हिंदी किंवा प्रमाण मराठीतले असतात. म्हणून प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ महत्त्वाचं. 2015 पासून ते मोफत चालू आहे आणि कोरकू, पावरी, गोंडी, संताली अशा भाषांतली चित्रपुस्तकं तिथे आहेत. कच्चा माल म्हणून ही पुस्तकं उत्तम आहेत. तपासणीसाठी मात्र ती जशीच्या तशी वापरू नयेत.

पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत 250पेक्षा कमी शब्द, दुसरीत 600पर्यंत, तिसरीत 1500पर्यंत, चौथी त्याहून मोठी. या पातळ्या वाचायला शिकणाऱ्या मुलांचा विचार करून केलेल्या आहेत. बोलण्याच्या सरावासाठी पहिली पातळीही जड जाते. तिथलं पुस्तक घ्या आणि पानाला एकच वाक्य ठेवा, तेही तीन-चार शब्दांचं. एकच क्रियापद पानोपानी परत येणारी गोष्ट मिळाली तर तीच निवडा. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकंही इथे आहेत. थेरपीसाठी तीच सगळ्यांत सोयीची, कारण ती कुठल्याही बोलीत सांगता येतात.

खरी अडचण अनुवादात येते. पुष्कळ पुस्तकं मुळात इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिलेली आणि तिथून पुढे गेलेली आहेत. शब्द कोरकू झाले तरी चित्रात शहरातली लिफ्ट तशीच राहते. मूल त्या पानावर अडलं तर ती त्याची भाषेतली उणीव नव्हे. दुसरा धोका व्याकरणाचा. कोरकू ही संतालीसारखी मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण दोघांसाठी तिथे वेगळं द्विवचन आहे, ते मराठीत नाही. चित्रात दोन मुलं आणि मजकुरात अनेकवचन, अशी चूक मराठीवरून शब्दाला शब्द ठेवणाऱ्या अनुवादात सहज होऊ शकते. म्हणून छापण्याआधी गावातल्या दोन मोठ्या माणसांना, त्यांतली एक आजी असली तर उत्तम, पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. ती माणसं जिथे अडतील तिथे वाक्य बदला. पुस्तकांचा परवाना सीसी बाय 4.0 हा खुला परवाना आहे, त्यामुळे लेखक-चित्रकारांची नावं ठेवून मजकूर बदलायला मोकळीक आहे. ही मोकळीक विकतच्या संचात क्वचितच मिळते.

वापरताना पहिली चूक होते ती ‘हे काय आहे?’ असं विचारत सुटण्याची. विचारणाऱ्या बाईंना उत्तर माहीत आहे हे मुलाला दिसत असतं. मग ते कशाला सांगेल? अशा प्रश्नोत्तरांची सवय प्रत्येक घरात नसते. पहिल्या दिवशी आईने किंवा कोरकू बोलणाऱ्या अंगणवाडीताईंनी गोष्ट दोनदा सांगावी, मुलाला काही विचारू नये. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सांगताना शेवटचा शब्द सोडून पाच सेकंद थांबावं. तिसऱ्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्यावं आणि लहान भावंडाला गोष्ट सांगायला लावावं. ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करावं. साधारण 50 वाक्यं जमायला दोन-तीन बैठका लागतात. त्यानंतरच उपचारतज्ज्ञांनी मत द्यावं.

या तीन दिवसांत मूल नवे शब्द पटापट उचलत असेल, तर बहुधा त्याला फक्त संधी मिळालेली नव्हती. कोरकूतही, आईच्या तोंडून ऐकूनही, शब्द टिकत नसतील तर पुढची तपासणी लांबवू नका. आईला विचारायचा प्रश्न एकच, पण नेमका: ‘याच्या वयाचे असताना इतर भावंडं कशी बोलायची?’ मुलाचे शब्द वहीत नोंदताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. मूल मराठी बोलताना ‘ताई आला’ म्हणालं तर तो दोष धरू नका. कोरकूत नामं सजीव-निर्जीव अशी विभागतात, मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग क्रियापदात उतरत नाही. आणि या सगळ्याआधी कान तपासा. कान वाहत असतील तर कुठल्याही भाषेतलं पुस्तक अपुरंच पडेल. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं. नाव तिथे नोंदवा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायला सांगा.

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. पुस्तक पीडीएफमध्ये आधीच उतरवून घ्या. फोनच्या पडद्यावर दाखवलं तर मूल चित्रावर बोट ठेवतं आणि पान सरकतं, लक्ष तिथेच मोडतं. ए-फोर कागदावर एका बाजूला एकच पान छापा. दोन पानं एकत्र घेतली तर चित्र बारीक होतं. कागदापेक्षा रंगाचा खर्च जास्त येतो, म्हणून आधी दोनच पुस्तकं छापून लॅमिनेट करा आणि महिनाभर तीच फिरवा. मुलांना तीच गोष्ट परत हवी असते, आणि सरावालाही तेच लागतं.

कोरकू पुस्तकं मराठीच्या मानाने फार थोडी आहेत, ही मोठी उणीव. ती भरायला संकेतस्थळावरच नवं पुस्तक रचता येतं आणि स्वतःची चित्रंही चढवता येतात. पण चढवलेलं चित्र त्याच खुल्या परवान्याखाली जातं आणि कुणालाही वापरता येतं. म्हणून मोहाची फुलं, टोपली, चूल, बैल यांचे फोटो जरूर टाका, मुलांच्या चेहऱ्यांचे टाकू नका.